झिजलेल्या कडा

दारव्हा रोडच्या फाट्यावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो,
आणि पडद्यामागच्या टेबलावर
हाताने केलेली कार्डं.

यंदा मे महिन्यात साठ निमंत्रणांची ऑर्डर आली.
डेहणकर बाई निवृत्त होताहेत,
त्यांची प्रणोती पुण्याहून फोनवर म्हणाली,
"जुन्या वहीच्या पानासारखं दिसलं पाहिजे, काकू,
पण हातात घेतलं की फाटू नये."
मी हो म्हटलं
आणि पहिले अकरा कागद वाया घालवले.

मोरेश्वर मिस्त्रीकडून पॉलिश पेपर आणला, दरवाजा घासायचा.
दोन हात मारले न मारले तर
कड मांजराच्या कानासारखी केसाळ.
मेणबत्तीवर धरून पाहिलं, मालिकेत दाखवतात तसं:
'सन्माननीय'मधलं 'सन्मा' जळून गेलं.
चहाच्या ताटलीत बुडवला,
तर कागद उडदाच्या पापडासारखा फुगला
आणि वाळला तेव्हा
कुठल्याच लिफाफ्यात मावेना.

शेचाळीस डिग्रीत कागदसुद्धा चिडका होतो.
वाकवायला जावं तर मोडतो.
मग रात्री दोरीवर चिमटे लावून
कागद कूलरसमोर टांगले.
सकाळी सहाला, लाइट जायच्या आत, काढले
तर वाळ्याचा वास लागलेला,
आणि बोटाखाली नरम, समजूत पटल्यासारखे.

आता कात्रीचं एकच पातं घ्यायचं.
तिरकं धरायचं. आपल्याकडे ओढायचं,
पुढे ढकलायचं नाही.
जोर मनगटाचा नाही, पेराचा.
'सर्र' आवाज येतोय तोवर चालू द्यायचं,
'खर्र' झालं की हात उचलायचा,
तिथून पुढे कागद दुखतो.
मग गाळणीतला चोथा फडक्यात बांधून,
घट्ट पिळून,
ओल नुसती कडेला टेकवायची.

तरी काहीतरी खोटं वाटत होतं.
आईचं रेशनकार्ड काढलं डब्यातून,
भिंगाखाली धरलं.
चार कडा सारख्या झिजलेल्या नाहीतच!
उजवा खालचा कोपरा गेलेला, अंगठ्याने.
वर रबरबँडची एक खाच.
डावी बाजू अजून जवळजवळ नवी,
तिकडून कुणी धरलंच नाही कधी.
त्या दिवसापासून मी कड झिजवायच्या आधी
हात कुठे पडेल ते बघते.

एकोणचाळीस झाली तेव्हा, भर दुपारी,
एक जण आला. खिशात दोन पेनं,
प्लास्टिकच्या फोल्डरात एक कागद.
"तुमच्या हाताले लय गुण हाय म्हनते लोकं."
कागद उघडला. वाटणीपत्र.
तारीख चाळीस वर्षांपूर्वीची,
कागद याच महिन्याचा, पांढराशुभ्र,
आणि सही जेल पेनची.
"जरासं जुनं करून द्या. निस्त्या कडा. दोन हजार देतो."

कूलरचं पाणी संपत आलं होतं,
मोटर रिकामीच घरघरत होती.
मी कागद हातात घेतला.
खोटं कशाला बोलू, बोटं शिवशिवली.
कुठून सुरू करायचं तेही दिसलं.
मग परत दिला.
"मले कार्डच जमते, भाऊ."
"हे बी कार्डच समजा."
मी कात्री पुसत राहिले.

जाताना उंबऱ्यात थांबला तो.
"मंग घरीच करतो. चारी बाजूनं घासून
चहात बुचकळला त जमन ना?"
"पाहा करून," म्हटलं.

कागद आधी घडीवर मरतो,
कडेवर मागून.
हे मी त्याला सांगितलं नाही.

मग बोअरवरून दोन बादल्या आणल्या,
कूलर भरला.
एकवीस कार्डं अजून कोरी होती.